वजिराला नऊ, गणिताला अकरा

पेणपासून रोह्यापर्यंत सध्या एका मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत आहे. मुंबई-गोवा महामार्ग कधी पूर्ण होणार यावर इथे दोन माणसांचं पटत नाही. 2011 पासून काम चालू आहे आणि पहिले अंदाज वर्तवणारे बरेचजण एव्हाना निवृत्त झाले आहेत. गणपती शाडूचा बरा की प्लास्टरचा, हा पेणच्या कारखान्यात सकाळी सुरू झालेला वाद रात्री डोळ्यांची आखणी संपेपर्यंत चालतो. पण मुलाला बुद्धिबळ शिकवलं की त्याचं गणित सुधारतं, हे मात्र डॉक्टरांपासून रिक्षा स्टँडपर्यंत सर्वांना मान्य आहे. मान्य नाही ते फक्त मुलांना. त्यांना कोणी विचारलेलं नाही.

ही श्रद्धा जुनीच होती, पण 2024 च्या डिसेंबरात गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला आणि तिला जोर चढला. मग 2025 च्या जुलैत दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा उरल्यासुरल्यांनीही हात टेकले. रोह्यात तर आडनाव ऐकून दोन दिवस चौकशी चालू होती की ही आपल्यातल्या कोणाची. मुलगी नागपूरची आहे असं कळल्यावर एक आजोबा शांतपणे म्हणाले, "आत्ता असेल नागपूरची. मूळ इथलंच."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात क्लासची पत्रकं निघाली. वर्तमानपत्रातून घरात पडलेल्या एका पत्रकावर लिहिलं होतं: एकाग्रता वाढवा, स्मरणशक्ती वाढवा, गणिताची भीती कायमची घालवा. खाली बारीक अक्षरात: येथेच अबॅकस, हस्ताक्षर सुधारणा व कराटे. सर एकच. खोलीही एकच. मंगळवारी तिथे शह देतात आणि बुधवारी लाथ.

बुद्धिबळ हे बुद्धिबळासाठी शिकवावं असं म्हणणारा पालक मला अजून भेटायचा आहे. हा सगळा पट्टा कबड्डीचा. संध्याकाळी मैदानात धुळीने माखलेली पोरं पाहून आजवर कुणी विचारलं नाही की यातून इतिहास सुधारतो का. कॅरममध्ये सोंगटी कडेला आपटून कोणत्या कोनात परत येते ते पोरांना पाठ असतं, पण कॅरम म्हणजे उनाडपणा. बुद्धिबळात पोरगं एका जागी बसतं आणि आवाज करत नाही. एवढ्यावर आपल्याकडे कुठल्याही गोष्टीला अभ्यास म्हणता येतं.

आमच्या शेजारच्या भाऊंचा गणपतीचा कारखाना आहे. दहावीला बीजगणिताने त्यांना दोनदा अडवलं आणि तिसऱ्यांदा सोडलं ते दोघांच्याही समजुतीने. "मला जमलं नाही ते चिरंजीवांना जमलं पाहिजे," असं सांगता सांगता ते फोनवर बोलत होते: सव्वा फुटाच्या छत्तीस, प्रत्येकी अडीचशे ॲडव्हान्स, म्हणजे नऊ हजार आधी, टेम्पो वेगळा, त्यातल्या दोन वडखळच्या खड्ड्यांत जातील त्या धरून अडतीस पाठवतो, जास्तीच्या दोन पोचल्या तर परत. फोन ठेवून पुन्हा म्हणाले, "गणिताचं आपल्या घराण्याला वावडंच आहे." चिरंजीव पाचवीत. कारखान्यात किती मूर्तींचं रंगकाम झालं आणि किती आखणीला राहिल्या हे तो खेळता खेळता सांगतो. पण ते मोजणं. गणित म्हणजे ज्याची फी भरावी लागते ते.

तर चिरंजीव क्लासला गेले आणि पहिल्याच दिवशी सोंगट्यांचे भाव शिकून आले. प्यादं एक, घोडा तीन, उंट तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. भाऊंना आनंद झाला. भावाची भाषा त्यांना लगेच कळली.

"एका बाजूचं सगळं मिळून किती?"

"एकोणचाळीस."

"आणि राजाचे किती?"

"राजाला भाव नसतो."

"म्हणजे शून्य?"

"शून्य नाही. तो गेला तर डावच गेला."

"मग शंभर धर."

"शंभर कसे धरू? शंभराला कोणी विकत नाही."

भाऊ थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, "पेपरात आलं तर काय लिहिणार?" या एका प्रश्नावर बुद्धिबळ आणि शालेय गणित यांचे रस्ते वेगळे होतात. पटावर मुलगा पुढच्या महिन्यात असं शिकला की नवाचा वजीर मुद्दाम खाऊ घालायचा आणि एकाच्या प्याद्याने मात करायची. नऊ उणे करून जिंकता येतं हे त्याला पटलं. मग किराणा आणायला पाठवल्यावर तो पन्नास रुपये कमी घेऊन आला, आणि "ते बलिदान होतं" असं म्हणाला. वहिनींनी त्या दिवशी क्लास बंद करायचं ठरवलं होतं.

घटक चाचणीचा निकाल लागला. गणितात वीसपैकी अकरा. भाऊंनी कागद हातात धरून क्लासच्या फीचा हिशोब केला, भागिले अकरा केलं, एक गुण केवढ्याला पडला ते काढलं (बीजगणित न येणाऱ्या माणसाला हे अगदी सहज आलं) आणि आवाज चढवला. चिरंजीव म्हणाले, "वजिराला तर नऊच असतात."

चिरंजीवांचं आजोळ रोह्याला आहे. पेणहून मेमू पकडायची, कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला उतरायचं. कोकण रेल्वे तिथून पुढे सुरू होते, आणि आजोबांची मतंही. आजोबा हिंदुस्थानी पद्धतीचे खेळाडू. त्यांच्या पटावर प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकतं, आणि राजाला शह बसला नसेल तोवर आयुष्यात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असते. नुसती मात केली तर ते मान हलवतात. प्यादेमात केली तर पाठ थोपटतात. नातवाने आंतरराष्ट्रीय नियमाने किल्लेकोट केला तेव्हा आजोबांनी त्याचा हात धरला. "दोन सोंगट्या एका चालीत? हे क्लासला शिकवतात?" फी कोणी भरली, असंही विचारलं.

त्यांचं खरं भांडण घोड्यावरून झालं. घोडा अडीच घरं चालतो, हे महाराष्ट्रात जन्मलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आजोबांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी अशी सगळी पलटण पाठ करून घेत. अडीच हा त्यांना परका नव्हता. नातू बोटाने मोजायला लागला. दोन घरं सरळ, एक बाजूला. "तीन झाली, आजोबा. अर्धं कुठे गेलं?" आजोबा म्हणाले, वळताना थोडं कापलं जातं. नातू म्हणाला, घोडा कोपरा कापत नाही, उडी मारतो. मामा आतून आला. तो धाटावच्या एमआयडीसीत इंजिनियर आहे. त्याने पायथागोरस काढला: दोनाचा वर्ग चार, एकाचा वर्ग एक, बेरीज पाच, तिचं वर्गमूळ दोन पूर्णांक दोनशे छत्तीस सहस्रांश. म्हणजे सरळ रेघ मारली तर घोडा तीन चालत नाही आणि अडीचही चालत नाही. तो सव्वादोनच्या आसपास चालतो. आजोबांनी सवायकी आणि अडीचकी दोन्ही पाठ केल्या होत्या आणि आयुष्यभर चुकीची वापरली होती. ते पट आवरून धावीर महाराजांच्या मंदिराच्या दिशेने फिरायला निघून गेले. कर्णाचं सूत्र मुलाला शाळेत अजून दोन वर्षांनी भेटणार आहे, पण त्या दुपारी ते त्याच्या डोक्यात बसलं, कारण त्याने कुणाचा तरी पराभव झाला होता.

पटाचं सगळ्यात जुनं गणित म्हणजे धान्याच्या दाण्यांची गोष्ट. राजा खेळ शोधणाऱ्यावर खूश होतो आणि म्हणतो माग. तो म्हणतो, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरं भरून द्या. राजा हसतो. ही गोष्ट सांगायची तर ती भाताच्या देशात, पोह्यांसाठी नावाजलेल्या पेणमध्ये सांगावी. एका ग्रॅमला तांदळाचे चाळीस दाणे धरा. सोळाव्या घरापर्यंत सगळे मिळून दीड किलोच्या थोडे वर. पाहुण्यांना पुरतील एवढे. विसावं घर भरलं की पंचवीस किलोची गोण संपली. चौसष्टाव्या घराशी एकूण दाणे होतात 1,84,46,74,40,73,70,95,51,615. वजन साधारण शेहेचाळीस हजार कोटी टन, म्हणजे आज भारतात जेवढा तांदूळ पिकतो तेवढा तीन हजार वर्षं सतत पिकवून, मधल्या काळात कुणीही न जेवता. वहिनींनी हे वाटी घेऊन करून पाहायला दिलं. चौदाव्या घरापर्यंत मुलाने दाणे मोजले, पंधराव्यापासून वाटीने मापले, अठराव्याला म्हणाला, "पुढचं समजून घ्या." गणित ज्याला म्हणतात ते बहुतेक इथेच सुरू होतं.

आता तांदळाचे दाणे मोजण्याचा विषय निघाला आणि पेण तालुक्यात असून विनोबांचं नाव घेतलं नाही तर गागोद्याचे लोक मला सोडणार नाहीत. विनोबा भावे 11 सप्टेंबर 1895 ला गागोद्याला जन्मले. त्यांच्या आईने देवाला एक लाख तांदूळ वाहायचा नेम धरला होता आणि ती एकेक दाणा मोजत असे. वडील विज्ञानाच्या वळणाचे. त्यांनी सांगितलं, एक तोळा तांदूळ घे, त्यात किती दाणे ते मोज, त्या हिशोबाने लाखाचे तोळे काढ, वर थोडे जास्त घाल, झालं. बाईंना उत्तर सुचेना. त्यांनी मुलाला विचारलं. ज्या मुलाला गणिताचं वेड होतं त्याने वडिलांची बाजू घ्यायची, तर तो म्हणाला की हे मोजणं हिशोबासाठी नाहीच. एकेका दाण्याबरोबर देवाची आठवण होते म्हणून आहे. एक लाख दाणे म्हणजे आपल्या पटावरच्या सतराव्या घरातच आटोपतात, अडीच किलो. माउलीने ते एकेक करून मोजले. गणितात अव्वल असलेल्या मुलाला कुठे गणित करायचं नाही हेही कळत होतं. या गुणाची परीक्षा कुठलाच क्लास घेत नाही.

आणि रोह्याने मागे का राहावं? विनोबांनंतर चार महिन्यांनी, 14 जानेवारी 1896 ला, याच जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी चिंतामणराव देशमुख जन्मले, घराणं रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1943 ते 1949, मग देशाचे अर्थमंत्री. 1912 च्या मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली; केंब्रिजला जाऊन शिकले वनस्पतिशास्त्र, आणि कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं. म्हणजे देशाच्या नोटांवर सही करणारा माणूस संस्कृतातून आणि झाडपाल्यातून आला. हे मी भाऊंना सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेणला संस्कृतचा क्लास कोण घेतं?"

आपल्या चर्चेत पुरावा नावाची वस्तू सहसा येत नाही, म्हणून एकदा घरी आणली. आर्मेनियाने 2011 पासून प्राथमिक शाळांत बुद्धिबळ सक्तीचं केलं, हे भाऊंना आवडलं. मग इंग्लंड. तिथे 100 प्राथमिक शाळांमधल्या चार हजारांवर मुलांवर मोठा प्रयोग झाला. काही शाळांत पाचव्या वर्गाला सुमारे वर्षभर बुद्धिबळाचे तास, काहींत नाही. तास संपून एक वर्ष उलटल्यावर गणिताची परीक्षा घेतली. 2016 मध्ये निकाल आला: फरक नाही. भाऊ म्हणाले, "इंग्लंडच्या पोरांना पाढेच येत नाहीत, फरक कुठून पडणार?" डेन्मार्कचा 2017 चा अभ्यास निघाला. आरहूस शहरात पहिली ते तिसरीच्या काही वर्गांत आठवड्यातला गणिताचा एक तास काढून त्या जागी बुद्धिबळातून गणित शिकवलं, आणि गुण थोडे वाढलेले दिसले. ज्या मुलांना शाळेचा कंटाळा येतो त्यांचे जास्त. भाऊ उठून उभे राहिले. "बघा! आमच्या पोराला तर भयंकर कंटाळा येतो." एवढ्या अभिमानाने कुठल्या बापाने ही गोष्ट सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. दोन अभ्यासांमधला फरक त्यांच्या लक्षात आला नाही. इंग्लंडात मुलं बुद्धिबळ शिकली. आरहूसमध्ये बुद्धिबळ घेऊन कोणीतरी त्यांना गणित शिकवलं.

बुद्धिबळामुळे गणित कोणाचं सुधारतं हे पाहायचं असेल तर एखाद्या रविवारी रोह्याच्या स्पर्धेला जावं. साखरचौथीच्या गणपतीच्या दिवसांत पेणलाही अशा स्पर्धा होतात. हॉलमध्ये मुलं खेळत असतात आणि बाहेर व्हरांड्यात त्यांचे आईबाप गणित करत असतात.

पहिलं म्हणजे फेऱ्या. या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. 1895 साली, विनोबांच्या जन्मवर्षीच, झ्युरिकच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली. हरलेला घरी जात नाही. सारख्या गुणांची मुलं पुढच्या फेरीत एकमेकांसमोर येतात. सात फेऱ्यांत 128 मुलांमधून पैकीच्या पैकी गुण घेणारा फार तर एकच उरतो, कारण दर फेरीला सगळ्या फेऱ्या जिंकलेले निम्मे होतात. हे तेच दुप्पट होणारं गणित, फक्त उलट्या दिशेने. पटाच्या आठव्या घरात दाणे 128 च असतात. वडखळचे एक ट्रान्सपोर्टवाले हे मला बिस्किटाच्या पुड्याच्या मागे लिहून समजावत होते. त्यांच्या शिक्षणाची चौकशी केली तेव्हा म्हणाले, "आठवी. पण पोरगी सहा वर्षं खेळतेय ना."

मुलांची संख्या विषम निघाली तर एकाला बाय मिळतो: खेळायचं नाही, गुण पूर्ण. भाऊंच्या चिरंजीवांना तिसऱ्या फेरीत बाय मिळाला आणि त्यांनी ठरवलं की आजवर शिकलेल्या गणितात हेच सर्वांत बरं आहे.

पण खरी कसोटी बुकहोल्झची. दोघांचे गुण सारखे झाले तर वर कोण? ज्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी एकूण जास्त गुण मिळवले तो. ब्रुनो बुकहोल्झ नावाच्या जर्मन गृहस्थाने 1932 च्या सुमारास ही युक्ती काढली आणि रायगड जिल्ह्यातल्या आयांच्या भक्तिमार्गाची दिशा बदलली. दुसऱ्या फेरीत नागोठण्याच्या एका चुणचुणीत मुलीने भाऊंच्या चिरंजीवांना सोळा चालींत घरी पाठवलं होतं. वहिनींनी तिच्याकडे तेव्हा ज्या नजरेने पाहिलं ती मी पाहिली आहे. सातव्या फेरीच्या वेळी त्याच वहिनी डोळे मिटून पुटपुटत होत्या, "धावीर महाराजा, त्या पोरीला जिंकू दे." रोह्याच्या ज्या ग्रामदेवाच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात, त्याच्यापुढे शत्रूच्या विजयासाठी नारळ बोलला गेला. कारण ती जिंकली तर आपला बुकहोल्झ एकाने वाढतो, आणि अर्ध्या गुणाने आपण अकरावे होण्याऐवजी दहावे होतो, आणि करंडक दहांना आहेत.

ती जिंकली. वहिनींनी तिला पुरणपोळीचा डबा दिला. तिला शेवटपर्यंत कळलं नाही का.

ज्यांची मुलं मानांकनाच्या स्पर्धांना मुंबई-पुण्याला जातात, त्यांचं गणित दशांश अपूर्णांकात चालतं. आर्पाड एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवलेली ती पद्धत. प्रत्येक डावाला आधी तुमच्याकडून अपेक्षा किती ते काढायचं, मग प्रत्यक्ष गुणातून ती वजा करायची, उरलेल्याला मुलांसाठी चाळीसने गुणायचं. 1450 चा मुलगा 1650 वाल्याशी खेळला तर त्याच्याकडून अपेक्षा 0.24 ची. जिंकला तर 0.76 गुणिले चाळीस, म्हणजे 30.4 ची कमाई. हरला तर 9.6 चा तोटा. हे गणित मेमूच्या दारात लटकून, एका हाताने दांडी धरून, तोंडी करणारे बाप मी पाहिले आहेत. बीजगणिताने ज्यांना दोनदा अडवलं ते भाऊ आता संभाव्यता, वजाबाकी आणि दशांश एका दमात सोडवतात, आणि वर म्हणतात, "गणिताचं आपल्याला काही कळत नाही हो." अपेक्षा नावाची राशी मुलाच्या डोक्यातून वजा करता येते हेही त्यांना एलोने शिकवलं, घरी मात्र ते अजून लागू केलेलं नाही.

मुलं आत काय करतात? खेळतात. हरल्यावर थोडा वेळ रडतात, मग ज्याने हरवलं त्याच्याबरोबर वडापाव खातात. "कुठे चुकलं?" असं बापाने विचारलं की सांगत नाहीत, त्या दुसऱ्या मुलाने विचारलं की सगळा डाव पहिल्या चालीपासून मांडून दाखवतात. चाळीस चाली तोंडपाठ. सातचा पाढा मात्र सात साते एकोणपन्नासला अडतो. आपण याला एकाग्रतेचा अभाव म्हणतो.

इतकं सगळं पाहून माझं मत वाईट झालं असतं, पण पेणजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत एका बाईंचा तास पाहायला मिळाला. बाईंना बुद्धिबळ फारसं येत नाही. घोड्याला त्या घोडोबा म्हणतात. त्यांच्याकडे पट चार, सोंगट्या साडेतीन संच, बाकीच्यांच्या जागी चिंचोके आणि बाटल्यांची बुचं. त्यांनी रिकाम्या पटावर एक हत्ती ठेवायला सांगितला. कुठेही ठेवा. आता तो किती घरांवर जाऊ शकतो ते मोजा. कोपऱ्यातला गट ओरडला, चौदा. मधला गट म्हणाला, आमचेही चौदा. कुठेही ठेवला तरी चौदाच. मग उंट. कडेला सात, मध्यात तेरा. भांडणं सुरू झाली. घोडा: कोपऱ्यात दोन, मधोमध आठ. एका मुलाने पटाच्या प्रत्येक घरात घोड्याचा आकडा खडूने लिहून काढला आणि तो आकड्यांचा चौकोन चारही बाजूंनी सारखाच दिसतो हे पाहून गप्पच झाला.

मग बाईंनी विचारलं, पटावर चौकोन किती? चौसष्ट, असं सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला. बाई नुसत्या हसल्या. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, अख्खा पट धरला तर पासष्ट. तिथून पोरं पेटली. दोन बाय दोनचे एकोणपन्नास, तीन बाय तीनचे छत्तीस, असं करत शेवटी 204 वर आली. घंटा झाली होती. कोणी उठलं नाही.

शेवटचा डाव बाईंचाच. पटाचे समोरासमोरचे दोन कोपरे त्यांनी खडूने खोडले. घरं उरली बासष्ट. जुन्या लग्नपत्रिका कापून प्रत्येकी दोन घरं झाकणाऱ्या पट्ट्या केलेल्या होत्या. एकतीस पट्ट्या दिल्या आणि म्हणाल्या, सगळी घरं झाका. एकतीस दुणे बासष्ट, त्यामुळे सगळ्यांना सोपं वाटलं. बराच वेळ पोरं पट्ट्या मांडत आणि मोडत राहिली. प्रत्येक वेळी दोन घरं उरत, तीही अशी की पट्टी बसू नये. मुलांनी पट्ट्या आखूड कापल्याचा आरोप केला, लग्न मोडलेलं असणार असं एकाने म्हटलं. मग खिडकीजवळची एक मुलगी, जिने तासभर तोंड उघडलं नव्हतं, म्हणाली, "बाई, काळी दोन कमी आहेत. पट्टी एक काळं, एक पांढरं घेते. नाहीच होणार."

नाहीच होणार. ही सिद्धता झाली, आणि ती मुलगी सहावीत होती. तिला घोडा कसा चालतो ते अजून नीट माहीत नव्हतं. पट होता, पण काम केलं ते बाईंच्या प्रश्नाने, आणि उत्तर येईपर्यंत त्या गप्प बसल्या याने. पेणच्या कुठल्याही कारखान्यात, मेमूच्या डब्यात किंवा पोह्यांच्या गिरणीत बसूनसुद्धा हे करता आलं असतं. तसा प्रश्न विचारणारं माणूस मात्र हवं.

हे मी भाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या बाई क्लास घेतात का?" नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास थोडा कमी झाला.

तेव्हा पेण, रोहे आणि मधल्या सर्व स्टेशनांवरच्या पालकांना एवढीच विनंती. पोराला बुद्धिबळ जरूर खेळू द्या; चांगला खेळ आहे आणि पावसाळ्यात कपडे मळत नाहीत. घरी आल्यावर गुण विचारू नका. हत्ती कुठूनही चौदा घरंच का जातो ते विचारा आणि उत्तराची घाई करू नका. स्पर्धेला डबा देऊन हॉलच्या बाहेर थांबा. आणि बुकहोल्झ, एलो, बाय यांची एवढी गोडी लागलीच असेल, तर पुढच्या वेळी प्रवेश फी दोघांची भरा. खुल्या गटाला वयाची अट नसते.